सोन्याआधीचे कडे

इंग्रजीतील ‘क्राउन’ या शब्दाने आज सोने आणि हिरे डोळ्यांसमोर येत असले, तरी त्याच्या मुळाशी धातूचा अंशही नाही. वळलेल्या, वाकलेल्या वस्तूंसाठी ग्रीकमध्ये जो ‘कोरोने’ शब्द होता, त्यावरून लॅटिनमध्ये ‘कोरोना’ म्हणजे डोक्याभोवती घालायचे पानाफुलांचे कडे हा शब्द रूढ झाला आणि जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. लढाईत सहनागरिकाचे प्राण वाचवणाऱ्या रोमन सैनिकाला ओकच्या पानांचे कडे मिळे. वेढ्यात सापडलेल्या अख्ख्या सैन्याची सुटका करणाऱ्याला मात्र त्याच रणभूमीवरचे गवत उपटून गुंफलेले कडे दिले जाई, आणि बाजारात कवडीची किंमत नसलेला हा मान सर्वांत दुर्मीळ व श्रेष्ठ मानला जाई, कारण तो वरिष्ठांनी नव्हे, तर सुटलेल्या सैन्याने द्यायचा असे.

पुढे हे कडे सोन्याचे झाले, राजाच्या डोक्यावर स्थिरावले आणि इंग्लंडच्या कायद्यात तर ‘क्राउन’ म्हणजे दागिना किंवा तो घालणारी व्यक्ती नव्हे, तर राजा मेला तरी न मरणारी राज्यसंस्था असा अर्थ रुळला. १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून ‘क्राउन’कडे गेला, तो याच अर्थाने. ‘कॉरोनर’ हे पदही त्यातूनच निघाले. ११९४ च्या सुमारास नेमले गेलेले हे अधिकारी राजाच्या वतीने आकस्मिक मृत्यूंची नोंद ठेवत, ती मृतांच्या कळवळ्यापोटी नव्हे, तर अशा प्रकरणांतले दंड आणि जप्तीचा माल खजिन्यात जमा व्हावा म्हणून. संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम करणारा कॉरोनर १८७१ च्या कायद्यानुसार मुंबईतही होता आणि देश प्रजासत्ताक झाल्यावर जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९९९ पर्यंत, मुकुटाचे नाव पोटात बाळगणारे हे पद तिथे बिनबोभाट टिकून राहिले!

नाणी आणि चलन हा सत्तेच्या अर्थाचाच फाटा आहे. डेन्मार्क व स्वीडन यांनी १८७३ मध्ये ‘क्रोन’ म्हणजे ‘मुकुट’ याच नावाचे समान चलन स्वीकारले.

विज्ञानाने मात्र सत्ता बाजूला ठेवून जुना आकार उचलला. हृदयाला वेढणाऱ्या धमन्या ‘करोनरी’ झाल्या, तर खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाभोवती दिसणारे सूर्याचे तेजोवलय ‘करोना’ ठरले. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, पण हे विरळ वलय दहा लाख अंशांहूनही तप्त असते, ते का, याचा शोध घेणाऱ्या ‘आदित्य एल-१’ या भारतीय यानावरील दुर्बीण सूर्याचे बिंब मुद्दाम झाकून, म्हणजे जणू कृत्रिम ग्रहण घडवून, त्याचे निरीक्षण करते. १९६८ मध्ये विषाणूंच्या एका गटाला ‘करोना’ हे नाव मिळाले, तेही राजमुकुटावरून नव्हे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडेची झालर सूर्याच्या या वलयासारखी दिसली, म्हणून. दंतवैद्यकात दाताच्या हिरडीबाहेरील भागाला आणि त्यावर बसवलेल्या कृत्रिम आवरणालाही ‘क्राउन’ म्हणतात, पण रुग्णाच्या तोंडी तो शब्द सहसा येत नाही. तो सरळ ‘कॅप बसवली’ म्हणतो.