घोड्याला दर पावसाळ्यात खोकला का होतो?

रपेटीचा घोडा उन्हाळाभर ठणठणीत असतो आणि पावसाळा लागला की खोकू लागतो. 'सर्दी असेल' म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण ताप नाही, भूक चांगली आहे आणि खोकला दरवर्षी त्याच सुमारास येतो, तर तो बऱ्याचदा घोड्याचा दमा असतो.

याचे मूळ बहुधा तबेल्यातच सापडते. पावसाळ्यात घोडा जास्त वेळ बांधलेला राहतो आणि साठवलेल्या वाळल्या गवताला दमटपणामुळे बुरशी लागते. तिचे सूक्ष्म कण श्वासातून आत गेले की श्वासनलिका सुजतात, कफ साचतो.

काय करावे?

- बुरशीचा वास येणारे गवत देऊ नका. चांगले गवतही अर्धा तास भिजवून, निथळून लगेच द्या.
- चारा जमिनीलगत ठेवा. मान खाली राहिली की कफ सहज बाहेर येतो.
- झाडलोट करताना घोड्याला बाहेर बांधा. तबेल्यात हवा खेळती ठेवा.
- खोकला असेपर्यंत दौड बंद.

विश्रांतीत घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. श्वास त्याहून वाढले, नाकपुड्या फुगल्या किंवा पोट आत ओढले जाऊ लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. ताप किंवा नाकातून घट्ट पिवळा स्राव असल्यास घोडा वेगळा ठेवा. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो.

औषधाने सूज उतरते. पण गवत तेच राहिले, तर खोकलाही परत येतो.