बांधकामाचे अंदाजपत्रक

गावाच्या वेशीवर किंवा शहरालगतच्या नव्या वस्तीत जोत्यापर्यंत येऊन थांबलेली घरे आपण पाहिली असतील. जोत्यावर गवत उगवलेले असते आणि अर्धवट खांबांतून डोकावणाऱ्या सळया गंजून तांबड्या झालेल्या असतात. घरधन्याचे दैव आड आले, असे लोक म्हणतात. पुष्कळदा आड आलेले असते ते अंदाजपत्रक. ते एकतर केलेलेच नसते, किंवा घरधन्याचे मन राखण्यासाठी कमी रकमेचे केलेले असते. साठवलेली पुंजी जमिनीखालच्या पायातच संपते आणि कर्जाचे हप्ते मात्र घर नसतानाही भरावे लागतात.

एखादे बांधकाम सुरू करण्यापूर्वी त्यास लागणारे साहित्य, श्रम आणि पैसा यांचा नकाशावरून केलेला हिशेब म्हणजे अंदाजपत्रक. ‘अंदाज’ या शब्दामुळे काहींना हे काम ढोबळ वाटते. जोत्याच्या क्षेत्रफळास दर चौरस मीटरच्या खर्चाने गुणून काढलेला आकडा खरोखरच ढोबळ असतो. काम हाती घ्यावे की नाही, एवढे ठरवण्यास तो पुरतो. सविस्तर अंदाजपत्रकाची रीत वेगळी आहे. तेथे खोदकाम, पाया, वीटकाम, काँक्रीट, गिलावा, दारे-खिडक्या अशी प्रत्येक बाब स्वतंत्रपणे मोजली जाते. खोदकाम घनमीटरात, गिलावा चौरस मीटरात आणि सळई वजनावर मोजतात.

एक लहानसे उदाहरण घेऊ. आतून ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी एक खोली आहे. तिच्या भिंती २० सेंटिमीटर जाड व ३ मीटर उंच आहेत. नवशिका बाहेरील मापे घेतो. ४.४ आणि ३.४ मीटर यांची बेरीज करून तो दुप्पट करतो, तेव्हा भिंतींची लांबी १५.६ मीटर येते. त्यानुसार वीटकाम ९.३६ घनमीटर भरते. येथे खोलीचे चारही कोपरे दोनदा मोजले गेले आहेत. भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजल्यास लांबी १४.८ मीटर आणि वीटकाम ८.८८ घनमीटर येते. फरक ०.४८ घनमीटरांचा, म्हणजे सुमारे २४० विटांचा आहे. प्रमाणित आकाराच्या विटा एका घनमीटरास साधारणपणे ५०० लागतात. आता २ चौरस मीटरचे दार आणि १.५ चौरस मीटरची खिडकी वजा केली की ८.१८ घनमीटर उरतात. त्यांच्या ४,०९० विटा होतात. तूटफुटीसाठी ५ टक्के अधिक धरल्यास सुमारे ४,३०० विटा मागवाव्या लागतील. एका खोलीत एवढा फरक पडतो. मग वीस खोल्यांच्या शाळेत किती पडेल, ते विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

परिमाण निघाले की दराचा प्रश्न येतो. शासकीय कामांसाठी दरसूची असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची प्रसिद्ध आहे. राज्यांचे बांधकाम विभागही आपापल्या दरसूची काढतात. या दरांच्या मागे दर-विश्लेषण असते. एक घनमीटर वीटकामाच्या दरात विटा, सिमेंट, वाळू, पाणी, गवंडी व बिगारी यांची मजुरी, अवजारे, वाहतूक आणि कंत्राटदाराचा नफा हे सारे सामावलेले असते. एक गवंडी दिवसाला पायात सव्वा घनमीटर वीटकाम करतो असे धरले, तर वरच्या भिंतीत ते एक घनमीटरच धरतात. कारण तेथे पराती उंचावर चढवाव्या लागतात. श्रमाची अशी दखल घेणारा हिशेब मला नेहमीच न्याय्य वाटत आला आहे.

दर स्थळानुसार बदलतात. कोकणात जांभा दगड जवळ मिळतो, म्हणून तेथे विटांचे घर तुलनेने महाग पडू शकते. काळ्या जमिनीच्या प्रदेशात खरी परीक्षा पायाची असते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून कठीण थर लागेपर्यंत खोल जावे लागते. तो थर किती खोल आहे हे खड्डा घेऊन न पाहता केलेले अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात खोटे ठरते.

वाळूचीही एक गंमत आहे. महाराष्ट्रात ती ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने विकली जाते. किंचित ओली वाळू फुगते आणि तिचे आकारमान चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. त्यामुळे पूर्ण ब्रासचे पैसे मोजूनही प्रत्यक्ष वाळू कमी मिळते. काँक्रीटच्या बाबतीत याच्या उलट घडते. पाणी घातल्यावर वाळूचे कण खडीच्या पोकळीत शिरतात आणि मिश्रण आक्रसते. म्हणून एक घनमीटर काँक्रीटसाठी सुमारे १.५४ घनमीटर कोरडा माल धरतात. एकास दोन, दोनास चार या प्रमाणात त्यासाठी ५० किलोच्या सव्वासहा पोत्यांहून थोडे अधिक सिमेंट लागते.

सर्व बाबींच्या बेरजेत आकस्मिक खर्चासाठी शेकडा तीन ते पाच रुपये मिळवण्याची प्रथा आहे. ही रक्कम न दिसणाऱ्या अडचणींसाठी असते, निष्काळजीपणा झाकण्यासाठी नव्हे. नकाशेच अपुरे असतील तर तिचा उपयोग होत नाही. सिडनी येथील ऑपेरा हाऊसचा खर्च १९५७ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर इतका अंदाजला होता; १९७३ मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा तो १० कोटी २० लाखांवर गेला होता. छताची रचना निश्चित होण्यापूर्वीच तेथे काम सुरू केले होते.

शासकीय कामात अंदाजपत्रकास प्रशासकीय व तांत्रिक मान्यता मिळाल्यावर निविदा मागवतात. एखादी निविदा अंदाजपत्रकाहून फारच कमी रकमेची असेल तर ती स्वस्त म्हणून आनंदाने स्वीकारू नये. एवढ्या कमी दरात सिमेंट कोठून येणार, हे त्या कंत्राटदारास विचारले पाहिजे. पुढे काम चालू असताना झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तिकेत नोंदवली जातात आणि त्यानुसार देयक दिले जाते. पायाची मापे माती भरण्यापूर्वी घ्यावी लागतात आणि सळयांची मापे काँक्रीट ओतण्यापूर्वी. एकदा त्या झाकल्या गेल्या की नकाशात दाखवलेल्या बारा सळयांपैकी प्रत्यक्षात किती घातल्या, हे सहजासहजी सांगता येत नाही.