मण्यांची दोरी

शाळेचे ओळखपत्र, घराची किल्ली किंवा स्काउटची शिट्टी गळ्यात अडकवण्यासाठी मण्यांची दोरी घरच्या घरी कशी तयार करावी, याची माहिती या पाठात दिली आहे. दोरी पक्की असावी, पण प्रसंगी ती सुटावीही, असे का म्हटले आहे ते पाठ वाचताना शोधा.

विद्यार्थी मित्रांनो, मणी ही तुमच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू आहे. आजीच्या हातातली तसबीह मण्यांची असते. शेजारच्या काकूंच्या मंगळसूत्रात काळे मणी असतात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यात मण्यांच्या आणि कवड्यांच्या माळा दिसतात. उर्दूत आपण ज्याला ‘मनका’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘मणी’ म्हणतात. मराठीत ‘मणका’ हा शब्दही आहे, पण तो पाठीच्या कण्यातील हाडासाठी वापरतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एक असो की दहा, शब्द ‘मणी’ असाच राहतो. मात्र ‘मणीचा रंग’ असे म्हणत नाहीत, ‘मण्याचा रंग’ असे म्हणतात.

आपल्या जालना जिल्ह्याचे मण्यांशी फार जुने नाते आहे. केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन तुम्हांला ठाऊक असेल. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांवरच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदन येथे उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अनेक वस्तू तेथे मिळाल्या. त्यांत नाना प्रकारचे मणीही होते.

दख्खनच्या काळ्या खडकात ठिकठिकाणी पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत अकीक हा रंगीत दगड तयार होतो. ‘अकीक’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. हा दगड फार कठीण असतो. जुने कारागीर त्याला एका बाजूने अर्धे भोक पाडत, मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने भोक पाडत आणि दोन्ही भोके मधोमध जुळवत. गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे मणी तयार करण्याचा धंदा आजही चालतो.

आता एक विचार करा. उत्खननात मणी मिळतात, पण ते बहुधा सुटे मिळतात. असे का? कारण मणी दगडाचा असतो, तो टिकतो. दोरा सुताचा किंवा रेशमाचा असतो, तो मातीत कुजून जातो. माळ सुंदर दिसते ती मण्यांमुळे, पण ती गळ्यात राहते ती दोऱ्यामुळे. म्हणून मणी ओवणे हे एक वेगळे कसब मानले गेले. हे काम करणाऱ्यांना मराठीत ‘पटवेकरी’ म्हणतात. उर्दूत आपण त्यांना ‘पटवा’ म्हणतो. सोनाराने घडवलेले मणी रेशमाच्या दोऱ्यात गाठवून देणे, माळेला गोंडे लावणे ही त्यांची कामे.

अशा गाठींचा उपयोग आपणही करून घेणार आहोत. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ असली म्हणजे तीन फायदे होतात. मणी एकमेकांवर घासत नाहीत. ते जागचे हलत नाहीत. आणि दोरी एखाद्या ठिकाणी तुटली तरी सगळे मणी घरभर पसरत नाहीत, फार तर एखादा मणी पडतो.

साहित्य

१. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची नायलॉनची किंवा मेण लावलेली सुती दोरी, अडीच मीटर.
२. सुमारे १ सेंटिमीटर व्यासाचे २० मणी. मण्याच्या भोकातून दोरी सहज जावी, पण दोरीची गाठ जाऊ नये.
३. ओळखपत्र किंवा किल्ली अडकवण्यासाठी धातूची एक कडी.
४. सुती फितीचे ५ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे.
५. एक लहान टिचबटण, सुई, शिवणाचा सुती दोरा, कात्री आणि मोजपट्टी.

मणी विकतच आणले पाहिजेत असे नाही. तुटलेल्या माळांचे मणी घरात पडलेले असतात. कागदाचे मणीही छान होतात. जुन्या रंगीत मासिकाच्या कागदाचे लांब त्रिकोण कापा. पाया अडीच सेंटिमीटर आणि लांबी २५ सेंटिमीटर असावी. सायकलीच्या चाकाची एक जुनी तार घ्या. तिची जाडी साधारण २ मिलिमीटर असते. त्रिकोणाचा रुंद भाग तारेवर ठेवून कागद घट्ट गुंडाळत जा. पहिला वेढा कोरडा ठेवा, पुढे थोडा थोडा डिंक लावा. निमुळते टोक नीट चिकटवा आणि मणी तारेवरून काढून सावलीत वाळवा. हे मणी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होतात, म्हणून ते कमी लागतील. प्रत्येक बाजूला सहा पुरेत.

एक गोष्ट मात्र करू नका. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर असते, पण तिची बी अतिशय विषारी असते. ती फोडू नका, तिला भोक पाडू नका आणि तिची माळ करू नका.

दोरी किती कापावी ?

हे गणित आधी करा. गाठ मारली की दोरी आखूड होते. किती आखूड होते, हे जाडीवर अवलंबून असते. म्हणून ५० सेंटिमीटरचा एक निराळा तुकडा घेऊन त्यावर दहा गाठी मारा आणि पुन्हा मोजा. समजा, तो ३५ सेंटिमीटर भरला. म्हणजे दहा गाठींत १५ सेंटिमीटर गेले. एका गाठीला दीड सेंटिमीटर दोरी लागली.

आपल्या दोरीच्या प्रत्येक बाजूला १० मणी आहेत आणि प्रत्येक मण्याला दोन गाठी आहेत. म्हणजे २० गाठी. त्यांना ३० सेंटिमीटर दोरी लागेल. तयार बाजूची लांबी ४५ सेंटिमीटर हवी. दोन्ही टोके बांधण्यासाठी प्रत्येकी १० याप्रमाणे २० सेंटिमीटर ठेवा. बेरीज ९५ झाली. चूकभूल धरून ११० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. तुमची उंची कमी असेल तर बाजूची लांबी ४० सेंटिमीटर धरा. ओळखपत्र छातीशी राहावे, फार खाली लोंबू नये.

कृती

दोन्ही तुकड्यांचे एक एक टोक एकत्र धरा आणि धातूच्या कडीतून ओवा. ही टोके १० सेंटिमीटर दुमडून मागे घ्या. आता चार पदर झाले. चारही पदरांची मिळून कडीजवळ एक घट्ट गाठ मारा. उरलेली लहान टोके कापून टाका.

आता एका बाजूचे काम सुरू करा. कडीजवळच्या गाठीपासून ५ सेंटिमीटर जागा सोडून एक साधी गाठ मारा. एक मणी ओवा आणि गाठीपर्यंत खाली न्या. मण्याच्या वर दुसरी गाठ मारायची आहे. ती मण्याला अगदी लागून बसली पाहिजे. नवशिक्याची गाठ नेमकी येथेच चुकते. ती अर्धा बोटभर वर बसते आणि मणी खुळखुळतो. त्यासाठी पटवेकऱ्याची युक्ती वापरा. गाठ सैल ठेवा. तिच्या फासात सुईचे टोक घाला. सुईने गाठ हळूहळू सरकवत मण्यापर्यंत आणा. मग दोरी ओढा, गाठ आवळत आली की सुई काढून घ्या आणि पुन्हा एकदा ओढा. गाठ जागच्या जागी बसेल.

याच रीतीने १० मणी ओवा. एका मण्याच्या मध्यापासून पुढच्या मण्याच्या मध्यापर्यंत ३ सेंटिमीटर अंतर ठेवा. मणी संपले की मानेजवळचा १० सेंटिमीटर भाग मोकळा सोडा, म्हणजे मणी मानेला टोचणार नाहीत. दुसरी बाजूही अशीच करा. दोन्ही बाजू मधूनमधून शेजारी ठेवून पाहा. मणी समोरासमोर आले पाहिजेत.

दोरीचे टोक विसकटू लागले आणि मण्यात जाईना, तर त्याला थोडा डिंक लावून वाळू द्या. टोक सुईसारखे ताठ होते. नायलॉनचे टोक मेणबत्तीवर वितळवायचे असेल, तर ते काम मोठ्या माणसाकडून करून घ्या. वितळलेले नायलॉन बोटाला चिकटते आणि खोलवर भाजते.

मानेमागचा जोड

येथपर्यंतचे काम हौसेचे होते. आता जे सांगतो, ते अधिक लक्ष देऊन वाचा. मानेमागे दोन्ही टोकांची पक्की गाठ मारून टाकावी, असे तुम्हांला वाटेल. तसे करू नका.

गळ्यात अडकवलेली दोरी कशात तरी गुंतली, तर काय होईल ? दोरी कच्ची असेल तर तुटेल. दोरी पक्की असेल तर ती तुटणार नाही, ती गळा आवळेल. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन हिचा मृत्यू १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरात असाच झाला. तिच्या गळ्यातला लांब रुमाल धावत्या मोटारीच्या चाकात गुंतला. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. आपल्या भागात सुगीच्या दिवसांत मळणीयंत्रे चालतात, गावोगावी पिठाच्या गिरण्यांचे पट्टे फिरतात. बसच्या दारात, सायकलीच्या हँडलमध्ये, झोपाळ्याच्या साखळीतही दोरी गुंतू शकते.

म्हणून आपल्या दोरीत एक जागा अशी ठेवायची, की जी रोजचा भार सहज सांभाळील, पण झटका बसताच आपोआप सुटेल. दोरीच्या एका टोकाला गाठ मारा. फितीचा तुकडा मधोमध दुमडून ती गाठ त्याच्या घडीत ठेवा आणि घट्ट शिवून टाका. दुसऱ्या टोकालाही तसेच करा. एका फितीवर टिचबटणाचा एक भाग आणि दुसऱ्या फितीवर दुसरा भाग शिवा. बटण लावले की दोरी पूर्ण झाली.

टिचबटण मिळाले नाही, तर दोन्ही फितींना शिवणाच्या साध्या सुती दोऱ्याचा एकच वेढा घालून त्या जोडा. येथे नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा चालणार नाही.

दोरीची परीक्षा

दोरी गळ्यात घालण्यापूर्वी तिची परीक्षा घ्या. परीक्षा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घालून कधीही घेऊ नका. खुर्चीच्या पाठीत दोरी अडकवा. कडीला अर्धा लिटर पाण्याची बाटली टांगा. अर्धा लिटर पाण्याचे वजन अर्धा किलो असते, ओळखपत्र त्याहून कितीतरी हलके. एवढ्या वजनाने जोड सुटला, तर तो फार कच्चा आहे. आता बाटली काढा आणि कडी धरून हाताने एक झटका द्या. जोड सुटलाच पाहिजे. सुटला नाही, तर टिचबटण फार घट्ट आहे. ते बदला किंवा सुती दोऱ्याचा जोड करा. अधूनमधून ही परीक्षा पुन्हा घेत जा.

जोड चांगला असला तरी यंत्राजवळ जाताना, झाडावर चढताना, खेळताना आणि झोपताना दोरी काढून ठेवावी. तसेच, घरात लहान बाळ असेल तर काम झाल्यावर जमिनीवरचे मणी मोजून उचला. वीस आणले होते, तर वीसचा हिशेब लागला पाहिजे. बाळ सापडेल ती वस्तू तोंडात घालते आणि मणी घशात अडकतो.

मित्रांनो, पहिली दोरी स्वतःसाठी करा. तिच्या गाठी थोड्या वाकड्या झाल्या तरी हरकत नाही, दुसरीच्या वेळी हात सरावतो. दुसरी दोरी धाकट्या भावासाठी किंवा बहिणीसाठी करा. ती देताना मण्यांचे रंग तर दाखवाच, पण मानेमागचा जोड कसा सुटतो, तेही त्यांच्या हाताने करवून दाखवा.

शब्दार्थ

उत्खनन – जमीन खणून जुन्या वस्तूंचा शोध घेणे.
कसब – कौशल्य, हुन्नर.
गोंडा – धाग्यांचा झुबका.
नवशिका – नुकताच शिकू लागलेला.
टिचबटण – दाबून लावायचे दोन भागांचे बटण.
सुगी – पिके काढण्याचा हंगाम.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भोकरदनचे प्राचीन नाव काय होते ?
(आ) मणी ओवून देणाऱ्या कारागिराला मराठीत काय म्हणतात ?
(इ) गुंजेची माळ का करू नये ?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारण्याचे फायदे कोणते ?
(आ) मानेमागे पक्की गाठ का मारू नये ?

३. हिशेब करा. एका गाठीला १ सेंटिमीटर दोरी लागते. प्रत्येक बाजूला १२ मणी आहेत. तयार बाजूची लांबी ४० सेंटिमीटर हवी आणि दोन्ही टोके बांधण्यासाठी मिळून २० सेंटिमीटर हवेत. एका बाजूला कमीत कमी किती दोरी लागेल ?

४. उपक्रम : आपल्या गावात किंवा नात्यात मणी ओवण्याचे काम कोणी करत असल्यास त्यांना भेटा. ते कोणता दोरा वापरतात आणि गाठ कशी मारतात, ते पाहून पाच-सहा वाक्ये मराठीत लिहा.