स्टेप फाइल इम्पोर्ट करताना कॅड क्रॅश का होतं, आणि तेव्हा काय तपासायचं?

आज थोडा वर्कशॉपचा विषय. मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माण आहे. तिथल्या आयटी पार्कमध्ये कॅटिया बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सचं मोठं केंद्र आहे, म्हणजे कॅड सॉफ्टवेअरचं काम आपल्याच तालुक्यात चालतं. दुसरीकडे पिरंगुट-भरे पट्ट्यात डाय, मोल्ड, फिक्स्चर करणारे कारखाने आहेत, आणि तिथे ही सॉफ्टवेअर्स रोज वापरली जातात. या कारखान्यांत नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी: "कस्टमरने स्टेप फाइल पाठवली, इम्पोर्ट केली की सॉफ्टवेअर बंद पडतं." कोटेशन आजच द्यायचं असतं आणि पडद्यावर काहीच नसतं. माझं संशोधन संगणकीय भूमितीत आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो.

न्यूट्रल फाइल म्हणजे काय?

प्रत्येक कॅडची स्वतःची फाइल असते आणि ती दुसऱ्याला नीट वाचता येत नाही. म्हणून सगळ्यांना समजेल अशी मधली भाषा काढली. १९८० साली अमेरिकेत आयजेस आलं. त्यानंतर स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३. त्याचे पहिले भाग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज एपी २०३, एपी २१४ आणि २०१४ मधलं एपी २४२ ही त्याची रूपं जास्त दिसतात. ही मधली भाषा नीट चालली नाही तर नुकसान किती? १९९९ साली अमेरिकेच्या निस्ट संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात, फक्त तिथल्या वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीचा हा तोटा वर्षाला किमान १ अब्ज डॉलर काढला होता.

भाषा एक झाली, पण मोजपट्टी एक झाली नाही. खरी गोम इथेच आहे.

मोजपट्टीचा घोळ

सॉलिड मॉडेल म्हणजे आतून भरीव ठोकळा नसतो. ते पृष्ठभागांचे तुकडे कडेला कडा लावून शिवलेलं असतं, पिशवी शिवावी तसं. दोन तुकड्यांच्या कडा गणिताने कधीच तंतोतंत जुळत नाहीत, बारीक फट राहतेच. किती फटीपर्यंत "जुळलं" म्हणायचं, हा आकडा म्हणजे टॉलरन्स. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वेगळा, हा सॉफ्टवेअरच्या पोटातला.

कॅटियात हा आकडा साधारण ०.००१ मिमी असतो. सॉलिडवर्क्स आणि एनएक्स ज्या पॅरासॉलिड कर्नलवर चालतात, त्याचा मूळ आकडा ०.००००१ मिमी आहे, म्हणजे शंभरपट बारीक. आता समजा, फट ०.०००५ मिमीची आहे. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने पिशवी बंद, घेणाऱ्याच्या दृष्टीने उसवलेली! दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मग घेणारं सॉफ्टवेअर टाके घालायला बसतं. कडा सैल धरून ती जुळवण्याची सोय कर्नलमध्ये असते आणि बहुतेक वेळा काम होऊन जातं. पण एखादा पृष्ठभाग सुईसारखा निमुळता असेल, स्वतःलाच छेदत असेल, किंवा दोन पृष्ठभाग जवळजवळ समांतर टेकत असतील, तर ते कुठे मिळतात याचं उत्तर गणिताला सापडत नाही. कधी हिशोब फिरत राहतो, मेमरी भरत जाते. कधी पुढचा कोड "या कडेला दोन पृष्ठभाग आहेतच" असं धरून चालतो, आणि तिथे एकच असतो. नसलेली गोष्ट वाचायला गेलं की प्रोग्रॅम कोसळतो.

तपासायचं कसं?

इम्पोर्टच्या चार पायऱ्या असतात: फाइल वाचणं, भूमिती आपल्या रूपात आणणं, शिवणं, आणि पडद्यावर दाखवणं. कोणत्या पायरीवर घात झाला ते आधी शोधायचं.

१. फाइल पूर्ण आहे का? स्टेप फाइल साधी अक्षरांची असते, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत आयएसओ-१०३०३-२१ आणि शेवटच्या ओळीत त्याच्याच आधी 'एंड' हवं. शेवटची ओळ नसेल तर फाइल अर्धवट आली आहे, परत मागवा. सुरुवातीच्या हेडरमध्ये फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने काढली आणि कोणतं एपी वापरलं, तेही सहसा मिळतं. आयजेसमध्ये शेवटच्या ओळीच्या ७३व्या रकान्यात 'टी' हे रोमन अक्षर पाहा.

२. नाव आणि जागा. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, किंवा फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला असेल, तर काही जुनी सॉफ्टवेअर्स इथेच अडतात. फाइल सी ड्राइव्हवर छोट्या रोमन नावाच्या फोल्डरात ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम.

३. खरंच क्रॅश आहे की नुसतं हळू? टास्क मॅनेजर उघडा. मेमरी वाढत वाढत भरली आणि मग बंद पडलं, तर फाइल मशीनला जड आहे. मेमरी भरपूर शिल्लक असताना फटकन बंद पडलं, तर भूमितीचा संशय घ्या.

४. शिवण बंद करून बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सॉलिड न बनवता नुसते पृष्ठभाग आणायचा पर्याय असतो. तसं उघडलं तर घोळ शिवणीत आहे. पूर्ण इम्पोर्ट होऊन मॉडेल दिसायच्या क्षणी बंद पडत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा.

५. दुसऱ्या डॉक्टरचं मत. फ्रीकॅड फुकट आहे आणि ते ओपन कॅस्केड या वेगळ्या कर्नलवर चालतं. तिथे फाइल उघडली तर 'चेक जिऑमेट्री' चालवा, ते बिघडलेले तुकडे दाखवतं.

६. अर्धं अर्धं करा. असेंब्ली असेल तर अर्धे पार्ट वेगळे काढून इम्पोर्ट करा. ज्या अर्ध्यात क्रॅश होतो त्याचे पुन्हा दोन भाग. १००० पार्टमधला एक खराब पार्ट साधारण १० फेऱ्यांत सापडतो.

उघडली, म्हणजे झालं का?

नाही! माझ्या मते क्रॅश परवडला, निदान तो दिसतो तरी. जास्त धोका मुकाट्याने झालेल्या दुरुस्तीचा. सॉफ्टवेअर हीलिंग करतं तेव्हा फट बुजवायला ते पृष्ठभाग ताणतं, बारीक तुकडा काढूनही टाकतं. छोटी फिलेट किंवा ड्राफ्टचा कोपरा असा गेला आणि तेच मॉडेल व्हीएमसीवर गेलं, तर चूक स्टीलमध्ये कोरली जाते. मग इन्सर्ट परत करायचा खर्च कोणाचा, यावर भांडण. बहुतेक वेळा तो छोट्या कारखान्याच्याच अंगावर येतो.

म्हणून इम्पोर्टनंतर आकारमान, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य पाठवणाऱ्याच्या आकड्यांशी जुळवा. हे आकडे स्टेप फाइलमध्येच घालून पाठवायची सोय आहे, त्यांना व्हॅलिडेशन प्रॉपर्टीज म्हणतात. एक मोठी लांबीही मोजा: २५.४ पट फरक आला तर इंच-मिलिमीटरचा गोंधळ.

आणि कस्टमरला नुसतं "फाइल उघडत नाही" कळवू नका. "अमुक पार्टचा अमुक पृष्ठभाग स्वतःला छेदतो, तो दुरुस्त करून एपी २४२ मध्ये, व्हॅलिडेशन प्रॉपर्टीजसकट पाठवा" असं लिहा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. दोष मूळ मॉडेलमध्ये असेल तर तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा. शिवाय जॉबवरून पुढे वाद झालाच, तर तुम्ही आधीच कळवलं होतं हे लेखी राहतं.

पृष्ठभाग स्वतःला छेदतो हे गणिताने कसं ओळखतात, ते पुढच्या लेखात. काही अडलं तर जरूर विचारा.