शैक्षणिक सांख्यिकी

शाळा, शिक्षक, विद्यार्थी, शिक्षणावरील खर्च आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांविषयीची संख्यात्मक माहिती गोळा करणे, तिचे वर्गीकरण व विश्लेषण करणे आणि तीवरून अनुमाने काढणे, यांसंबंधीच्या उपयोजित सांख्यिकीस शैक्षणिक सांख्यिकी असे म्हणतात. राष्ट्रीय पातळीवर तिचा उपयोग मुख्यत्वे नियोजनासाठी होतो. किती वर्गखोल्या बांधावयाच्या, किती शिक्षक नेमावयाचे, पाठ्यपुस्तकांच्या किती प्रती छापावयाच्या व शालेय भोजनासाठी किती धान्य पुरवावयाचे, हे विद्यार्थिसंख्येवरून ठरते. त्यामुळे जे मूल आकड्यांत नसते, ते बहुधा योजनेतही नसते. उलट, जे केवळ आकड्यांतच असते, त्याच्या नावे होणारा खर्च व्यर्थ जातो. प्रस्तुत नोंदीत भारतातील या कार्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा : मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत देशी शाळांची पाहणी सुरू केली. १८२६ मधील आपल्या टिपणात त्यांनी इलाख्यातील शाळांची संख्या १२,४९८ व विद्यार्थ्यांची संख्या १,८८,६५० अशी दिली. विल्यम ॲडम यांनी १८३५–३८ या काळात बंगाल व बिहारविषयी तीन अहवाल सादर केले. त्या प्रदेशांत सु. एक लाख शाळा असाव्यात, हा त्यांचा अंदाज पुढे दीर्घकाळ वादाचा विषय ठरला. सर फिलिप हार्टॉग यांनी तो अमान्य केला, तर इतरांनी त्याचे समर्थन केले. घरच्या ओसरीवर चार मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या पंतोजीस शाळा मानावयाचे की नाही, हा या वादातील एक मुख्य मुद्दा होता. मोजणीपूर्वी व्याख्या निश्चित करावी लागते, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. हंटर आयोगानंतर (१८८२) सर ॲल्फ्रेड क्रॉफ्ट यांनी १८८६ मध्ये देशातील शिक्षणाचा आढावा तयार केला व त्यानंतर पंचवार्षिक आढाव्यांची प्रथा पडली.

स्वातंत्र्योत्तर काळात पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण १९५७ मध्ये झाले. पुढील सर्वेक्षणे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने केली. त्यांपैकी आठवे २००९ मध्ये झाले. कोणत्या वस्तीस किती अंतरावर शाळा उपलब्ध आहे, याची नोंद हे त्यांचे वैशिष्ट्य होय. मात्र दोन सर्वेक्षणांत अनेक वर्षांचे अंतर पडत असल्याने वार्षिक नियोजनास ती अपुरी पडत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर जिल्हा शिक्षण माहिती प्रणाली (डायस) सुरू झाली. २०१२-१३ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या प्रणाली एकत्र करून ‘यू-डायस’ अस्तित्वात आली. उच्च शिक्षणासाठी २०१०-११ पासून स्वतंत्र अखिल भारतीय सर्वेक्षण होते.

माहितीचे स्रोत : राष्ट्रीय आकडेवारीचे तीन प्रमुख स्रोत आहेत. पहिला स्रोत म्हणजे मुख्याध्यापकांनी भरलेल्या प्रपत्रांवर आधारलेल्या प्रशासकीय नोंदी. दुसरा, जनगणना व कुटुंबांच्या नमुना पाहण्या. तिसरा, संपादणूक चाचण्या. पहिल्या स्रोतात शाळा माहिती देते, दुसऱ्यात घर आणि तिसऱ्यात स्वतः मूल. या तिन्ही स्रोतांची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही.

व्याख्या व तुलनीयता : स्थूल पटनोंदणी प्रमाण म्हणजे एखाद्या स्तरावर नोंदलेल्या सर्व वयांच्या विद्यार्थ्यांचे त्या स्तराच्या वयोगटातील लोकसंख्येशी असलेले शेकडा प्रमाण. समजा, सहा ते दहा वर्षे वयाची मुले १,००० आहेत व पहिली ते पाचवीच्या पटावर १,०८० नावे आहेत, तर हे प्रमाण १०८ टक्के येते. त्यावरून सर्व मुले शाळेत आहेत असे सिद्ध होत नाही. उशिरा दाखल झालेली व त्याच वर्गात पुन्हा बसलेली मुलेही पटावर असतात. म्हणून योग्य वयाचीच मुले धरणारे निव्वळ पटनोंदणी प्रमाण अधिक बोधप्रद ठरते. दोन्ही प्रमाणांचा छेद जनगणनेवरून मिळतो. २०२१ ची नियोजित जनगणना वेळेवर न झाल्याने २०११ च्या लोकसंख्येवर आधारित प्रक्षेपणांचा अवलंब करावा लागला. छेदातील चूक मग प्रमाणातही उतरते.

साक्षरतेचे दरही जपून वाचावे लागतात. १९५१ चा १८.३३ टक्के हा दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचा आहे. १९९१ चा ५२.२१ टक्के व २००१ चा ६४.८३ टक्के हे दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. शिवाय जनगणनेत साक्षरतेची चाचणी घेतली जात नाही. घरातील व्यक्तीने दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाते.

मोजणीची पद्धत बदलली, तरीही आकडे बदलतात. यू-डायसनुसार २०२१-२२ मध्ये देशातील शालेय विद्यार्थिसंख्या सु. २६.५ कोटी होती. २०२२-२३ मध्ये ती सु. २५.२ कोटी भरली. याच वर्षापासून शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची पृथक नोंद घेण्यास सुरुवात झाल्याने एकच नाव दोन शाळांत असण्याचे प्रकार उघड होऊ लागले. म्हणून या दोन वर्षांतील सर्व घट ही गळती समजणे युक्त नाही. पृथक नोंदीमुळे गळतीचे मापनही सुधारू शकते. पूर्वी पहिलीतील संख्या व काही वर्षांनंतरची वरच्या वर्गातील संख्या यांच्या वजाबाकीवरून गळती काढली जाई. त्यात गाव सोडून दुसऱ्या शाळेत गेलेले मूलही गळालेलेच ठरे.

आकड्यांची विश्वसनीयता : शिक्षकांची पदे व अनुदान पटसंख्येवर अवलंबून असल्याने पट फुगविण्याचा मोह संभवतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीत पटावरील सु. २० लाख विद्यार्थी प्रत्यक्ष आढळले नाहीत. अनुपस्थित असलेले प्रत्येक नाव बनावट असते असे नव्हे. तथापि शाळेच्या नोंदींची स्वतंत्र पडताळणी का आवश्यक असते, हे त्यावरून दिसून आले. संदर्भदिनांकही महत्त्वाचा असतो. ३० सप्टेंबर हा दिनांक अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे त्यानंतरच, गळीत हंगामाच्या प्रारंभी, स्थलांतर करतात. त्यांची मुले सप्टेंबरच्या पटावर उपस्थित दिसतात आणि जानेवारीत उसाच्या फडात असतात. हंगामी वसतिगृहांची गरज किती, याचे उत्तर अशा एकदिवसीय मोजणीतून मिळत नाही.

संपादणुकीचे मापन : पटावरील नाव म्हणजे शिक्षण नव्हे, या जाणिवेतून चाचण्यांवर आधारित पाहण्यांना महत्त्व आले. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या पाहणीत स्वयंसेवक ग्रामीण भागातील निवडलेल्या घरी जाऊन प्रत्येक मुलाकडून सोपा उतारा वाचून घेतात. तीनुसार २०२४ मध्ये ६ ते १४ वयोगटातील ९८.१ टक्के मुलांची नावे शाळेत दाखल होती. मात्र दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण ४८.८ टक्के होते. हेच प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के व कोविड महासाथीतील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्के होते. शासकीय पातळीवर २०१७ व २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीच्या सु. २१ लाख विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. ही सर्वेक्षणे शाळेत, तर असर घरी होते. चाचणीचे स्वरूपही भिन्न असते. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष परस्परांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय तुलना : देशोदेशींच्या शिक्षणरचना भिन्न असल्याने युनेस्कोने १९७० नंतरच्या दशकात शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण तयार केले, २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्वीकारण्यात आली. भारतातील सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर या वर्गीकरणात निम्न माध्यमिक स्तरात गणला जातो. हा भेद ध्यानात न घेता केलेल्या तुलना फसव्या ठरतात.

एखादा शैक्षणिक आकडा वाचताना तो कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या व्याख्येने व कोणाच्या सांगण्यावरून नोंदला, हे पाहणे अगत्याचे आहे. एकाच स्रोतावर विसंबण्यापेक्षा शाळा, घर व चाचणी या तिन्ही स्रोतांची माहिती एकमेकींशी पडताळून पाहिल्यास कोणती मुले मोजणीतून निसटली व कोणती मोजली जाऊनही शिकली नाहीत, हे कळू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकीची उपयुक्तता प्रामुख्याने यावरच अवलंबून असते.