पेशीला तिचं काम कोण सांगतं?

किनवटमध्ये एखादं मूल जीवशास्त्रात हुशार निघालं, की पुढचा रस्ता ठरलेलाच असतो: नांदेड नाहीतर लातूर गाठायचं, क्लास लावायचा, नीट द्यायची आणि एमबीबीएसला लागायचं. रस्ता चांगलाच आहे. पण मेंदू समजून घेण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि त्यावरून गेलेलं एक मराठी नाव या घरांपर्यंत पोचायला हवं. ते म्हणजे डॉ. शुभा टोळे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी, अमेरिकेतल्या कॅलटेकमधून पीएचडी, मग शिकागो विद्यापीठात संशोधन. 1999 मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या. गर्भाच्या मेंदूत सुरुवातीला पेशी जवळपास एकसारख्याच असतात. मग कुणी कोणता भाग व्हायचं, हे कोण ठरवतं? हाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

आठवणींसाठी लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग मेंदूत ठरलेल्या जागीच घडतो. त्याला लागून 'हेम' नावाची पेशींची पट्टी असते. टोळे यांच्या गटानं कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्यासोबत उंदरांचे असे गर्भ तपासले, ज्यांच्या मेंदूत मोजक्या ठिपक्यांपुरतंच एलएचएक्स-2 हे जनुक नव्हतं. जिथं जनुक नव्हतं, तिथल्या पेशी हेम बनल्या. त्याहून नवलाची गोष्ट शेजारी घडली: तिथल्या धडधाकट पेशींनी या नव्या हेमचा रासायनिक संदेश ऐकून हिप्पोकॅम्पस घडवायला घेतला. एकाच्या जागी अनेक! हिप्पोकॅम्पस घडवून आणणारी हेमच, याचा हा पक्का पुरावा 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

पेरणीला वाफसा लागतो, तशी जनुकाच्या कामालाही योग्य वेळ लागते. हेच जनुक थोडं उशिरा काढलं, तर पेशी हेम बनत नाहीत. अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या डेनिस ओ'लिअरी यांच्या गटानं 2009 मध्ये दाखवलं, की त्या टप्प्यावर मेंदूच्या बाह्यपटलाचा भाग वासाशी संबंधित पटलाकडे वळतो. आणखी पुढच्या टप्प्याचं उत्तर 2011 मध्ये टोळे यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी तयार होण्याच्या काळात हे जनुक काढलं, तर त्यांच्याऐवजी आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी वेळेआधीच तयार होऊ लागतात. जनुक एकच, पण वेळ बदलली की काम वेगळं.

ऑटिझम, अपस्मार यांसारख्या विकारांची काही मुळं मेंदूच्या याच सुरुवातीच्या घडणीत शोधली जातात. म्हणून उंदराच्या गर्भातला हा शोध प्रयोगशाळेपुरता उरत नाही. टोळे यांना 2010 मध्ये भटनागर पुरस्कार आणि 2014 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढे आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या, म्हणजे 'इब्रो'च्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली.

टोळे यांच्या गटाचं हे काम मुंबईत झालं, आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून झालं. नीटमध्ये थोडे गुण कमी पडले म्हणून बीएस्सीला गेलेल्या मुलीला आपण 'राहिली मागे' म्हणतो. ते म्हणणं सोडायला हवं. बीएस्सीनंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात पुढचं शिक्षण घेता येतं. बारावीनंतर थेट पुण्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेसाठीची प्रवेश परीक्षा देता येते. टीआयएफआरमध्ये पीएचडी करताना दरमहा विद्यावेतन मिळतं. जे मूल उत्तर पाठ करण्याऐवजी 'असं का होतं?' म्हणून अडून बसतं, त्याला हा रस्ता आधी दाखवा.