उष्णोदक-निवास

उष्णोदक-निवास : गरम पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यालगत स्नानासाठी काही काळ मुक्काम करण्याची प्रथा व त्यासाठी असलेली निवासव्यवस्था. गरम पाण्याच्या झऱ्याला मराठीत ‘उन्हाळे’ (अनेकवचन ‘उन्हाळी’) म्हणतात. जपानी भाषेत त्याला ‘ओन्सेन’ व तेथील पारंपरिक निवासगृहाला ‘रियोकान’ अशी नावे आहेत. स्नानासाठी मुक्काम करण्याची प्रथा दोन्हीकडे जुनी आहे. तथापि जपानमध्ये ती मुख्यतः निवासगृहाच्या, तर महाराष्ट्रात देवालयाच्या आश्रयाने वाढली. या फरकाचा परिणाम स्नानाच्या रीतीवर, मुक्कामाच्या स्वरूपावर आणि पाण्याच्या रोगनिवारक गुणांविषयीच्या समजुतींवर झालेला दिसतो.

उत्पत्ती : पावसाचे पाणी खडकांतील भेगा व भ्रंश यांवाटे खोलवर मुरते. भूपृष्ठाखाली तापमान सामान्यतः दर किलोमीटरला २५° ते ३०° से. या प्रमाणात वाढत जाते. अशा रीतीने तापलेले पाणी दुसऱ्या भेगेवाटे त्वरेने वर आल्यास वाटेत पूर्णपणे निवत नाही व उन्हाळे निर्माण होते. महाराष्ट्रातील उन्हाळी या प्रकारची आहेत. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक ज्या लाव्ह्यापासून बनला, त्याचे उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्याची मूळ उष्णता केव्हाच निघून गेली आहे. गंधकामुळे पाणी तापते, हा समजही बरोबर नाही. काही झऱ्यांना येणारा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. तो उष्णतेचे कारण नव्हे. जपानमध्ये मात्र शंभरांहून अधिक जागृत ज्वालामुखी असून अनेक झऱ्यांना त्यांच्याखालील तप्त शिलारसाची उष्णता मिळते. त्यामुळे तेथील काही झऱ्यांचे पाणी अतितप्त व तीव्र अम्लीय असते.

महाराष्ट्रातील स्थाने : भारतात ३४० हून अधिक उष्ण झऱ्यांची नोंद झालेली आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य उन्हाळी कोकणात, पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंतच्या सु. ३५० किमी. लांबीच्या पट्ट्यात आहेत. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी. रायगड जिल्ह्यात पालीजवळील उन्हेरे व महाडजवळील सव. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ व राजवाडी ही त्यांतील प्रसिद्ध स्थाने होत. उन्हवरे येथील पाण्याचे तापमान सु. ७०° से. असल्याने ते थेट स्नानास घेता येत नाही. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या वसईविजयानंतर (१७३९) उभारले गेले. १८८२ च्या बाँबे गॅझेटिअरच्या ठाणे खंडात वज्राबाईच्या उन्हाळ्यांची नोंद आहे. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी अडावदजवळ उनपदेव, तर मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. उन्हेरे, उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर या सर्व नावांत ‘ऊन’ (उष्ण) हा शब्द असल्याने झऱ्याचे अस्तित्व गावाच्या नावावरूनच कळते.

उनकेश्वर : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा नदी पुढे किनवट तालुक्याच्या सीमेवर येते व तिच्याच खोऱ्यात उनकेश्वर वसलेले आहे. शरभंग ऋषीच्या व्याधिनिवारणार्थ रामाने जमिनीत बाण मारून हे गरम पाणी काढले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. हीच आख्यायिका उनपदेव येथेही सांगितली जाते. स्थानाचे प्राचीनत्व मात्र आख्यायिकेवरच अवलंबून नाही. येथील मराठी शिलालेख यादव राजा रामचंद्र याच्या कारकीर्दीतील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. शिवमंदिर व कुंडे यांच्या परिसरात भाविक स्नान करतात. त्वचारोगांनी पीडित असलेले लोक येथे दीर्घकाळपासून येत आले आहेत.

अशा स्थानी मुक्कामाची रीत इतर तीर्थक्षेत्रांप्रमाणेच असते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ किंवा नामदेवांचे नरसी येथे येणारा यात्रेकरू ज्या परंपरेने उतरतो, तीच उष्णोदकतीर्थी दिसते. धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत पथारी टाकावी, सोबतचा शिधा तीन दगडांच्या चुलीवर शिजवावा, पहाटे कुंडात स्नान करून देवदर्शन घ्यावे, असा हा क्रम असे. पुढे भक्तनिवास व खाजगी विश्रामगृहे झाल्यामुळे तो बराच बदलला. कुंड पवित्र मानल्यामुळे स्नान वस्त्रानिशी करतात. स्त्रियांसाठी अनेक ठिकाणी वेगळे कुंड किंवा आडोसा असतो. मुक्कामाचा हेतू व्रत, नवस वा व्याधिमुक्ती हा असल्याने निवासाच्या सुखसोयींना दुय्यम स्थान राहिले.

जपानमधील निवासगृहे : जपानमध्ये उष्ण झऱ्यांचे सु. २७,००० उगम व निवासाची सोय असलेली सु. ३,००० स्थाने आहेत. यामानाशी प्रांतातील निशियामा येथील केइउन्कान हे निवासगृह इ. स. ७०५ मध्ये स्थापन झाल्याचे मानतात व जगातील सर्वांत जुने निवासगृह म्हणून त्याची नोंद झालेली आहे. ग्रामीण भागातील रियोकान बहुधा लाकडी असते. पाहुणा दाराशी पादत्राणे काढतो. खोलीत ‘तातामी’ या गवती चटयांची जमीन असून खाटा नसतात. रात्री जमिनीवरच गाद्या अंथरतात. ‘युकाता’ हा सुती झगा घालून पाहुणे स्नानास व भोजनास जातात. जेवणात स्थानिक मासे, भाज्या व रानमेवा यांचे अनेक लहान पदार्थ क्रमाने वाढले जातात. व्यवस्थेची सूत्रे बहुधा ‘ओकामी’ म्हणजे घरमालकिणीच्या हाती असतात. सामान्यतः स्त्रीपुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात. स्नान विवस्त्र करावयाचे असून तत्पूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुणे आवश्यक असते. कुंडात साबण वापरीत नाहीत व पंचाही बुडवीत नाहीत. कारण तेच पाणी सर्वांसाठी असते.

हे सुखवस्तू स्वरूप नंतरचे होय. जुन्या काळी शेतकरी सुगीनंतर तांदूळ व मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे सारण) बरोबर घेऊन झऱ्याकाठी उतरत व स्वतः स्वयंपाक करीत. या उपचार-मुक्कामाला ‘तोजी’ म्हणतात. सात दिवसांचा एक फेरा व असे तीन फेरे, हा त्याचा पारंपरिक अवधी होय. शिधा घेऊन धर्मशाळेत उतरणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू आणि तोजीसाठी आलेला जपानी शेतकरी यांच्या मुक्कामात त्यामुळे बरेच साम्य आढळते.

रोगनिवारणाचा प्रश्न : गरम पाण्यातील स्नानाने स्नायू शिथिल होतात, सांध्यांचे दुखणे काही काळ कमी होते व झोप चांगली लागते. गंधकाचा मलम खरजेवर उपयुक्त असल्याने गंधकयुक्त पाण्याच्या लौकिकालाही काही आधार आहे. परंतु कुष्ठरोग पाण्याने बरा होत नाही. तो जंतुजन्य असल्याचे हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधयोजनेने तो पूर्ण बरा होतो. कुंडस्नानावर विसंबून औषधाला विलंब झाल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊन हातापायांत व्यंगे येऊ शकतात. शिवाय ज्याच्या हातापायांची संवेदना गेली आहे, अशा रुग्णाला पाणी भाजण्याइतके गरम असल्याचे कळत नाही. मधुमेहाच्या काही रुग्णांनाही हाच धोका असतो. ज्या व्याधीसाठी रुग्ण कुंडात उतरतो, तीच व्याधी त्याला कुंडाच्या उष्णतेपासून सावध होऊ देत नाही.

जपानलाही हा अनुभव आला आहे. गुन्मा प्रांतातील कुसात्सू येथील पाणी तीव्र अम्लीय आहे. ते कुष्ठरोगावर गुणकारी असल्याच्या समजुतीने रुग्ण तेथे जमत आणि १८८७ पासून युनोसावा या भागात त्यांची स्वतंत्र वस्ती झाली. १९३२ मध्ये जवळच शासकीय कुष्ठधाम निघाले व १९४१-४२ मध्ये वस्ती मोडण्यात आली. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा औषधे उपलब्ध झाल्यानंतरही दीर्घकाळ टिकला. तो १९९६ मध्ये रद्द झाला. या सक्तीबद्दल रुग्णांना भरपाई देण्याचा निर्णय कुमामोतो येथील न्यायालयाने २००१ मध्ये दिला.

नियमन : जपानमधील १९४८ च्या उष्णोदक-कायद्यानुसार उगमाशी किमान २५° से. तापमान असलेले किंवा ठराविक १९ घटकांपैकी एक घटक पुरेशा प्रमाणात असलेले पाणी ‘ओन्सेन’ ठरते. नवा झरा खोदण्यास प्रांताच्या प्रमुखाची अनुज्ञा लागते. पाण्यातील घटक व कोणत्या व्याधींत स्नान वर्ज्य आहे, याचा फलक स्नानगृहात लावणे बंधनकारक आहे. २००७ पासून पाण्याचे दर दहा वर्षांनी पुन्हा पृथक्करण करावे लागते. या धर्तीवरील स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याची उष्णता अजमावणे, हृदयविकार, गरोदरपण वा उघड्या जखमा असताना वैद्याचा सल्ला घेणे, कोमट साचलेले पाणी नाकात जाऊ न देणे व चालू औषधोपचार न थांबविणे, ही पथ्ये त्यामुळे स्नानार्थीला स्वतःच पाळावी लागतात.